सॉलिसिटरची कचेरी आणि सोलापूरचा वकील

मागच्या व्याख्यानानंतर कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं मला थांबवलं. म्हणाली, "सर, मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी मिळवणं आपल्याकडच्या मुलांना इतकं अवघड का जातं? आम्ही कमी पडतो का?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कायदा नाही. पण "आम्ही कमी पडतो का" हा प्रश्न काही एकट्या वकिलांचा नाही. तेव्हा आज त्याचं उत्तर इतिहासात शोधू.

१८६२ साली मुंबईचं उच्च न्यायालय सुरू झालं. त्याच्या दोन शाखा होत्या. मुंबई शहरातले मोठे दावे थेट मूळ शाखेत दाखल व्हायचे, आणि जिल्ह्यांतली अपिलं अपील शाखेत जायची. मूळ शाखेत वकिलीचं काम दोघांत वाटलेलं होतं. पक्षकाराला भेटणं, कागदपत्रं तयार करणं, दावा चालवणं हे सॉलिसिटरचं काम. न्यायाधीशापुढं उभं राहून युक्तिवाद बॅरिस्टर किंवा अॅडव्होकेट करणार. आता आपल्याकडं बघा. सोलापूरच्या कोर्टात वकीलपत्र घेणारा, साक्षीपुरावा करणारा आणि युक्तिवाद करणारा माणूस एकच. त्याला कचेरी लागते, कारकून लागतो. फर्म लागत नाही. फर्म वाढली ती जिथं काम वाटलं गेलं तिथं. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, वाडिया घांदी १८८३ ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ ची. सगळ्या मुंबईच्या.

दुसरं कारण पैशाचं. कापड सोलापुरात विणलं जायचं, पण शेअर बाजार, मोठ्या बँका आणि भांडवल मुंबईत. आपल्या जुन्या मिलचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट १९४९ मध्ये मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५० मध्ये हरला. दुसऱ्यानं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला. मालमत्तेच्या हक्काचे हे दोन्ही निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. मिल आपली, कामगार आपले, भोंगा आपल्या गावात वाजायचा. आणि खटले चालले मुंबई-दिल्लीत. कंपनीचं काम कंपनीच्या गिरणीमागं जात नाही, तिच्या भांडवलामागं जातं.

तिसरं कारण उमेदवारी. सॉलिसिटर व्हायचं तर एखाद्या सॉलिसिटरकडं तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काढायची आणि मग परीक्षा द्यायची. ऐंशीच्या दशकात माझा एक विद्यार्थी असाच मुंबईला गेला. हुशार पोरगा. भत्ता इतका तुटपुंजा की खोलीचं भाडंही भागेना. सहा महिन्यांत परत आला. लोक म्हणाले, "जमलं नाही त्याला." मीही तेच म्हणालो, आणि त्याची मला आज खंत वाटते. दादरला ज्याच्या काकांचं घर होतं, त्याला जमलं होतं. फरक काकांचा होता.

पण नुसतं मुंबईत असणंही पुरत नाही, बरं का. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. लंडनचे बॅरिस्टर, कोलंबियाचे पदवीधर. पण मूळ शाखेतलं काम सॉलिसिटरच्या हातून यायचं, आणि अस्पृश्यतेमुळं ते हात पुढं येत नव्हते. त्यांना अपील शाखेवर आणि जिल्ह्यांतल्या कामावर अवलंबून राहावं लागलं. म्हणजे अंतर मैलांचंही असतं आणि माणसांमधलंही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. खरं आहे. १९७६ च्या दुरुस्तीनं सॉलिसिटर हा कायद्यातला वेगळा वर्ग संपला. १९९१ नंतर फर्म वाढल्या, पगार वाढले. पण दार बंद झालं नाही, फक्त सरकलं. बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यालय सुरू झालं आणि त्या धर्तीवर पुढं अनेक निघाली. मोठ्या फर्म भरतीसाठी आधी तिथं जातात. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. त्यांची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, बारावीच्या वयात. आणि जुन्या उमेदवारीच्या जागी आता इंटर्नशिप आली. तिथंही मुंबईतल्या राहण्याचा खर्च ज्याचा त्यालाच.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर त्यात आहे. आनंदाची गोष्ट आहे. पक्षकाराचा हेलपाटा वाचेल, आपल्या वकिलांना काम मिळेल. पण नागपूरला खंडपीठ कित्येक दशकं आहे, तरी मोठ्या फर्मचा मुक्काम मुंबई-दिल्लीतच राहिला. न्यायालय जवळ आलं म्हणून भांडवल जवळ येत नाही.

म्हणून त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: "बाळ, तू कमी पडत नाहीस. तुला शर्यत लांबून सुरू करावी लागते. जायचं असेल तर ते ओळखून, खर्चाचा हिशेब मांडून जा. आणि नाही जमलं, तर त्याला स्वतःची लायकी समजू नकोस." आपण मोठ्यांनी मात्र एक करावं. इंटर्नशिपला निघालेल्या मुलाला सत्कार आणि शाल देण्याऐवजी दोन महिन्यांचं खोलीभाडं द्यावं. माझ्या त्या विद्यार्थ्याला तेवढंच हवं होतं.