फासा उलटा पडला आणि पंचाने तो सुलटा केला

पोस्ट थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

'स्ट्रेंजर थिंग्ज' आल्यापासून आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनाही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव माहीत झालंय. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण गेम मास्टर म्हणून जग चालवतो आणि अडलं तिथे फासे टाकतात. आमच्या टेबलावर एक वाद ठरलेला. एक जण म्हणतो, तलवार उपसली की आधी चार तक्ते बघायचे, बेरजा-वजाबाक्या करायच्या, तोवर मी लढवय्या उरतच नाही, बँकेतला कारकून होतो. दुसरा म्हणतो, नियमच नसले तर मास्टर म्हणेल ते खरं. मग मी घाबरू कशाला?

हा वाद जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच झालाय, आणि तोही लष्करात. प्रशियाच्या.

१८२४ साली रायसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण लेफ्टनंटने 'क्रीग्सस्पिएल', म्हणजे युद्धखेळ, याचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्येच राजासाठी असा खेळ एका मोठ्या टेबलाच्या रूपात बनवला होता. मुलाने तो खऱ्या नकाशावर आणला. प्रमाण १:८०००, एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. पण खरी करामत पुढे आहे. खेळाडू सोंगट्यांना हात लावत नसत. ते पंचाला लेखी हुकूम देत. टेकडीपलीकडची शत्रूची पलटण तुमच्या सैनिकांना दिसेपर्यंत पंच ती नकाशावर मांडतच नसे. निरोप पोचायला वेळ लागे. गोळीबाराचा परिणाम फासे आणि तक्ते ठरवत. लष्करप्रमुख म्युफलिंग आधी फारसे उत्सुक नव्हते, पण खेळ बघून इतके खूश झाले की त्यांनी तो सगळ्या सैन्याला सुचवला.

का आवडला असेल? कारण खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याला रणांगणावर जेवढं कळेल तेवढंच या खेळात कळत होतं. पुढची घालमेल आपोआप होते, त्यासाठी वेगळा अभिनय करावा लागत नाही.

त्रासही होताच. तक्ते वाढत गेले, पंच घामाघूम व्हायला लागले आणि दोन मिनिटांच्या लढाईला खेळात फार वेळ लागू लागला. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर या खेळाकडे साऱ्या युरोपचं लक्ष गेलं, पण प्रशियातच अधिकारी तक्त्यांना कंटाळले होते. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सरळ सुचवलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. याला 'मुक्त' क्रीग्सस्पिएल म्हणतात. खेळ झपाट्याने चालायला लागला. पण मग सगळा भार पंचाच्या सचोटीवर आला. आणि पंच वरिष्ठ, खेळाडू कनिष्ठ असेल तर त्याला हटकणार कोण?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जपानी नौदलातलं आहे. मे १९४२, 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची पटावर रंगीत तालीम चालू होती. फासे पडले आणि अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब जपानी ताफ्यावर लागले. 'अकागी' आणि 'कागा' ही विमानवाहू जहाजं बुडाली. मुख्य पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. 'अकागी' वाचली. 'कागा' बुडालेली ठेवली, पण पुढच्या टप्प्याच्या खेळात तीही पुन्हा हजर! फुचिदा आणि ओकुमिया या नौदल अधिकाऱ्यांनी युद्धानंतर हे लिहून ठेवलंय. जूनमध्ये खऱ्या मिडवेत जपानने 'अकागी' आणि 'कागा'सकट चार विमानवाहू जहाजं गमावली.

आता न्यायाने बोलायचं तर फाशाचा निकाल बदलण्याचा अधिकार पंचाला असतोच, आणि जपान काही एका खेळामुळे हरला नाही. पण त्या खोलीतल्या अधिकाऱ्यांना 'आपली जहाजं बुडू शकतात' ही भीती अनुभवायची जी एक संधी होती, ती गेली.

इथून पुन्हा आपल्या टेबलाकडे येतो. १८८० मध्ये टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने 'स्ट्रॅटेगोस' नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं होतं. खेळाडू काहीही करून बघू शकतो, जमलं की नाही ते पंच ठरवेल, ही कल्पना त्यात होती. १९६० च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती ते पुस्तक लागलं. १९६९ मध्ये त्याने 'ब्राउनस्टाइन' हा खेळ मांडला. पलटणींच्या जोडीला त्यात गावचा महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलपती अशी पात्रं दिली. सगळा गोंधळ उडाला. वेसलीला वाटलं खेळ फसला, आणि खेळाडू म्हणाले, पुढचा कधी? त्या कंपूतल्या डेव्ह आर्नेसनने यातून 'ब्लॅकमूर' उभं केलं, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. नियमांत भोकंच भोकं, ती प्रत्येक टेबलाने आपापल्या परीने बुजवली. मग १९७७ ते ७९ मध्ये गायगॅक्सने जाडजूड 'ॲडव्हान्स्ड' पुस्तकं काढली, म्हणजे खेळ सगळीकडे सारखा व्हावा. पुन्हा तोच झोका!

माझं मत असं की नियम किती आहेत हा प्रश्नच चुकीचा आहे. ते तुमचं लक्ष कुठे नेतात ते बघा. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये पात्राच्या मानसिक तोलाला एक आकडा आहे. भयंकर काही पाहिलं, नको ते पुस्तक वाचलं की आकडा घसरतो. आकडेमोडच आहे, पण भीती तिच्यातूनच येते. 'ड्रेड' या खेळात तर फासेच नाहीत, जेंगाचा मनोरा आहे. अवघड काही करायचं तर एक ठोकळा काढा. मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. हात खरोखर थरथरतो.

म्हणजे नियमाने पात्राची काळजी खेळाडूच्या अंगात उतरवली पाहिजे, आणि पंचाने वाईट निकालही तसाच वाचून दाखवला पाहिजे. एवढं जमलं तर माणूस खेळात बुडतो.

हे सगळं सार्वजनिक पानावर कशाला, असं कुणी विचारेल. कारण आपणही असे खेळ खेळतो. मी काम करायचो त्या एका ऑफिसात आगीचं मॉक ड्रिल व्हायचं. भोंगा किती वाजता वाजणार हे आदल्या दिवशीच मेसेजवर यायचं. ११ वाजता सगळे पर्स-डबे घेऊन जिन्याशी तयार. एक जिना बंद आहे असं समजा, असं कधी कुणी म्हटलं नाही. अहवालात मात्र सगळे वेळेत खाली! शाळांच्या अभिरूप संसदेतही बऱ्याचदा प्रश्न पाठ, उत्तरं पाठ, सरकार पडणार की नाही तेही आधीच ठरलेलं. मुलांना टाळ्या मिळतात, पण बहुमत गमावण्याची धाकधूक काही कळत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीत, कंपनीत किंवा शाळेत असा सराव ठरला तर एवढंच विचारा: यात आपण नापास होऊ शकतो का? उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये जरूर लिहा.