करारनाम्याबाहेरचे कोकण

१८३५ च्या फेब्रुवारीत मॉरिशस बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा सरकारने गुलामांच्या धन्यांना नुकसानभरपाई दिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबणूक सोसली त्यांना मात्र छदामही दिला नाही. मुक्त झालेल्या माणसांनी ज्या मळ्यांवर फटके खाल्ले होते तेथे राबत राहण्याचे नाकारले, आणि उसासाठी मजूर कोठून आणावयाचे या विवंचनेत पडलेल्या मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानावर खिळली. तेथून मजूर आणण्याची सुरुवात आधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदराला लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी स्त्रीपुरुष करारबद्ध होऊन त्या बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदराचा त्यातील वाटा अल्प होता. परंतु त्या अल्प वाट्यात रत्नागिरी जिल्ह्यातील आणि सावंतवाडी संस्थानातील माणसे होती, आणि त्यांची ही यात्रा आपल्या इतिहासाचा भाग असूनही आपण ती क्वचितच आपली मानली आहे.

घरदार सोडून समुद्रापलीकडे जावयास कोणी सुखासुखी तयार होत नाही. कोकणच्या कुळाला तसे व्हावे लागले याची कारणे त्याच्या शेतातच होती. जांभ्याच्या कातळावरील थोडकी माती, पावसाळ्यातील भाताचे एकुलते पीक, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत काढलेली नाचणी-वरी, त्या उत्पन्नातून गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताला द्यावयाचा अर्धेल अथवा तिर्धेल हिस्सा आणि वर त्याच्या घरची वेठ, एवढे सारे भागवून कुटुंबाच्या पोटाला जे उरे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नसे. म्हणून रत्नागिरीची माणसे पूर्वापार बाहेर पडत आली, कोणी पलटणीत शिपाई म्हणून, कोणी मुंबईच्या बंदरात हमाल म्हणून. कापसाच्या गिरण्यांनी त्यांना पोटाशी धरले ते पुढे. त्या गिरण्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वीच, १८४० नंतरच्या दशकात, मुंबईत काम शोधणाऱ्या माणसाला भरतीचा दलाल गाठू लागला होता. दरमहा ५ रुपये, वर शिधा आणि कपडा, ही त्याची बोली होती; आणि ज्याच्या हाती वर्षभरात रोकड अशी फारशी पडतच नसे, त्याला ती खरी वाटली यात नवल नाही.

करारनाम्यावर आंगठा उठला, की प्रवास सुरू होई. शिडाच्या जहाजात वाऱ्याच्या मर्जीवर कित्येक आठवडे काढावे लागत, आणि वाटेत पटकी अथवा देवीची साथ उद्भवली तर किनारा दिसत असूनही उतरता येत नसे. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील माणसांना गॅब्रिएल बेटावर विलग ठेवण्यात आले आणि पुरेसा निवारा व औषधपाणी न मिळाल्याने त्यांतील शेकडो दगावली. जे सुखरूप उतरले त्यांची पोर्ट लुईच्या डेपोत नोंद होई: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, गाव, आणि या सर्वांच्या माथ्यावर एक क्रमांक. त्यानंतर मळा. तेथे काळ्या दगडांनी भरलेली जमीन साफ करून ऊस लावावयाचा. ते वेचलेले दगड रचून केलेले ढीग आजही त्या शेतांतून उभे आहेत. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मुदत संपल्यावरही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली, आणि तो नसलेल्यास भटक्या ठरवून तुरुंगात टाकण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. या जुलुमाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ मजुरांनी आपल्या सह्या आणि निशाण्या असलेला अर्ज गव्हर्नराकडे गुदरला. तो सिद्ध करण्यात अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपियन गृहस्थाने पुढाकार घेतला होता, आणि मळेवाल्यांचा रोष पत्करला होता. पुढील वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला, आणि अर्जदारांची गाऱ्हाणी बहुतांशी खरी ठरली.

करारबद्ध मजुरीच्या या प्रथेवर हिंदुस्थानच्या कायदेमंडळात घाव घालणारा पुरुष रत्नागिरी जिल्ह्यातीलच होता. कोतळूक गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडून तो मान्य करवून घेतला. १९१२ च्या मार्चमध्ये करारबद्ध मजुरीची पद्धतच समूळ नष्ट करावी असा दुसरा ठराव त्यांनी मांडला, तो सरकारी मताधिक्यापुढे टिकला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत स्थगित होऊन पुढे कायमची बंद झाली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

तोपर्यंत मॉरिशसमधील मराठी माणूस तेथलाच झाला होता. साखरेचा धंदा मंदावल्यावर मळेवाल्यांनी तुकडे पाडून विकलेल्या जमिनी मजुरांनी पै-पै साठवून घेतल्या होत्या, आणि संध्याकाळी गावच्या बैठकीत मुलांना मुळाक्षरे शिकविण्याची सोय केली होती. बहुसंख्य हिंदी समाज भोजपुरी बोले आणि बाजारात क्रिओल चाले. अशा स्थितीत मूठभर लोकांची मराठी घरातून ओसरत गेली असल्यास त्यात आश्चर्य नव्हे, आश्चर्य आहे ते ती शाळेत अजून शिकविली जाते याचे. गणेशचतुर्थी त्या देशात सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आणि रत्नागिरीच्या जाखडीचे नाते सांगणारी झाकरी तेथील मराठी समाज आजही नाचतो.

करारनाम्यात वेतनाचे कलम होते, शिध्याचे होते, शिक्षेचेही होते. गणपतीचे, झाकरीचे, मुळाक्षरांचे नव्हते. मळेवाल्याने केवळ श्रम विकत घेतले, आणि त्या श्रमांसोबत एक सबंध समाज येत आहे याची त्याला पर्वा नव्हती. पोर्ट लुईच्या त्या डेपोचे अवशेष २००६ साली जागतिक वारसा ठरले, आणि आगमनाची ती दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. त्यांत आपल्या तालुक्यांची आणि गावांची नावे आहेत. कोकणचा इतिहास लिहिताना मुंबईला गेलेला चाकरमानी आपण विसरत नाही. तितक्याच आदराने हा समुद्रापार गेलेला कुळवाडी त्यात आला पाहिजे, कारण ज्या खोतीने आणि ज्या दारिद्र्याने पहिल्याला गिरणीत पाठविले, त्यांनीच दुसऱ्याला उसाच्या मळ्यावर पाठविले.