कोलकाता भुयारी रेल्वे : दमदम–टॉलीगंज मार्ग

कोलकाता शहराच्या उत्तर-दक्षिण रहदारीच्या मुख्य पट्ट्याखालून जाणारा भारतातील पहिला भुयारी जलद रेल्वेमार्ग. मूळ लांबी १६·४५ किमी.; मूळ स्थानके १७, त्यांपैकी १५ भूमिगत. मार्गास १९७२ मध्ये मंजुरी मिळाली, पहिला टप्पा १९८४ मध्ये सुरू झाला आणि १९९५ मध्ये संपूर्ण मार्ग अखंडपणे वापरात आला. मार्गाची दिशा, बांधकामाची पद्धत व कामाचा क्रम यांविषयी नियोजनकाळात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम या शहराने दीर्घकाळ अनुभवले. त्यामुळे भारतातील नागरी परिवहनाच्या इतिहासात या मार्गास विशेष महत्त्व आहे.

नगराची ठेवण : कोलकाता हे हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेले लांबट शहर आहे. पश्चिमेस नदी आणि पूर्वेस दलदलीचा सखल प्रदेश यांमुळे त्याची वाढ प्रामुख्याने उत्तरेस व दक्षिणेस झाली. शहराच्या क्षेत्रफळापैकी रस्त्यांखालील जागा केवळ सु. ४·२ टक्के असल्याचे भुयारी रेल्वेच्या नियोजनात नमूद करण्यात आले होते. १८७३ मध्ये येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०२ पासून ती विजेवर धावू लागली. ट्राम, बस, हातरिक्षा आणि पादचारी यांना त्याच अपुऱ्या रस्त्यांवरून वाट काढावी लागे. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती उत्तरेस दमदमच्या आणि दक्षिणेस टॉलीगंज-जादवपूरच्या परिसरात उभ्या राहिल्या. शहराच्या दोन्ही टोकांना लोकवस्ती वाढली. कचेऱ्या व बाजारपेठा मात्र मध्यभागीच राहिल्या.

मुंबईशी तुलना केल्यास कोलकात्याची अडचण अधिक स्पष्ट होते. मुंबईही लांबट शहर आहे. परंतु तेथील उपनगरी रेल्वे शहराच्या लांबीने धावून चर्चगेट व बोरीबंदर येथे प्रवाशाला थेट व्यापारी भागात आणून सोडत असे. कोलकात्याची दोन मोठी अंत्यस्थानके मध्यवस्तीच्या बाहेर होती. हावडा नदीपलीकडे, तर सियालदा पूर्वेच्या बाजूला. दलहौसी चौकातील (सध्याचा बिनय-बादल-दिनेश बाग) कचेऱ्यांकडे जाण्यासाठी या स्थानकांवर उतरलेल्या प्रवाशाला पुन्हा ट्राम किंवा बस गाठावी लागे. १९५३ मध्ये ट्रामच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एका पैशाची वाढ होताच शहरात मोठे आंदोलन झाले आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. सामान्य नागरिकाचे जीवन या वाहनांवर किती अवलंबून होते, याची या घटनेवरून कल्पना येते.

पूर्वेतिहास : कोलकात्यात भुयारी रेल्वे असावी, हा विचार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुढे आला. लंडनच्या भुयारी रेल्वेमार्गांचा अनुभव असलेले अभियंते हार्ली डॅलरिंपल-हे यांनी १९२१ मध्ये एक आराखडा तयार केला. शहराच्या पूर्वेकडील बागमारीपासून नदीखालून हावड्याच्या बाजूस सालकियापर्यंत हा मार्ग जाणार होता. म्हणजेच पहिली योजना पूर्व-पश्चिम दिशेची होती आणि हावड्याच्या प्रवाशाला नदी ओलांडून देणे हा तिचा मुख्य हेतू होता. खर्चामुळे ती कागदावरच राहिली. तथापि १९३० च्या सुमारास डॅलरिंपल-हे यांच्याच आराखड्यानुसार हुगळीखालून विजेच्या तारांसाठी एक बोगदा बांधण्यात आला. नदीतळाखालच्या मातीतून बोगदा नेता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी १९४९ मध्ये हा विषय पुन्हा हाती घेतला. फ्रेंच तज्ञांकडून पाहणी करून घेण्यात आली. परंतु तीतून काही निष्पन्न झाले नाही. पुढील काही वर्षे बसगाड्यांची संख्या वाढविण्यावर भर देण्यात आला. रस्तेच अपुरे असल्यामुळे वाढत्या गाड्यांनी कोंडीतच भर घातली. १९६१ मध्ये कलकत्ता महानगर नियोजन संघटना स्थापन झाली व १९६६ मध्ये तिने महानगराचा मूलभूत विकास आराखडा प्रसिद्ध केला. वाहतुकीचा प्रश्न रस्त्यांच्या पातळीवर सुटणार नाही, हे या काळात सर्वमान्य झाले.

मार्गाची निवड : १९६९ मध्ये रेल्वे खात्याच्या वतीने महानगर परिवहन प्रकल्प हे कार्यालय सुरू करण्यात आले. मुंबई, मद्रास व दिल्ली येथेही याच स्वरूपाची कार्यालये निघाली. कोलकात्याच्या कार्यालयाने सोव्हिएट तज्ञांच्या व पूर्व जर्मनीच्या अभियंत्यांच्या साहाय्याने १९७१ मध्ये बृहत् योजना तयार केली. तीत एकूण ९७·५ किमी. लांबीचे पाच मार्ग सुचविले होते. त्यांपैकी दमदम–टॉलीगंज या उत्तर-दक्षिण मार्गास अग्रक्रम देण्यात आला. त्यास १ जून १९७२ रोजी मंजुरी मिळाली आणि २९ डिसेंबर १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली.

हा अग्रक्रम शहराच्या ठेवणीशी सुसंगत होता. बेलगाछिया व श्यामबाजारपासून चित्तरंजन अव्हेन्यू, चौरंगी, भवानीपूर आणि कालीघाट या मार्गाने टॉलीगंजपर्यंत दाट रहदारीची एक सलग पट्टी होती. चित्तरंजन अव्हेन्यू हा कलकत्ता सुधार न्यासाने विसाव्या शतकात जुन्या वस्तीतून काढलेला रुंद रस्ता होता. मार्ग मुख्यतः सार्वजनिक रस्त्यांखालून जात असल्याने खाजगी इमारती फारशा पाडाव्या लागणार नव्हत्या. नदी ओलांडण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय दमदम येथे उत्तरेकडील उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांना भुयारी गाडीत बदली करता येणार होती.

या निवडीत एक मोठी उणीवही होती. हावडा व सियालदा ही दोन्ही स्थानके या मार्गाच्या बाहेर राहिली. १९२१ च्या योजनेने ज्या प्रवाशाचा विचार केला होता, त्याची अडचण पहिल्या मार्गाने थेट दूर झाली नाही. त्यासाठी पूर्व-पश्चिम मार्ग बांधणे आवश्यक होते आणि १९७१ च्या योजनेत त्याचा समावेशही होता. पाच मार्ग परस्परपूरक ठरतील, असे योजनेत गृहीत होते. प्रत्यक्षात पुढील कित्येक वर्षे एकाच मार्गाचे काम चालू राहिले.

बांधकाम : काम १९७३–७४ मध्ये सुरू झाले. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील मऊ चिकणमाती आणि पृष्ठभागाजवळ असलेले भूजल ही मुख्य तांत्रिक आव्हाने होती. बहुतेक मार्गासाठी उघड्या खोदाईची पद्धत निवडण्यात आली. तीत प्रथम रस्त्याच्या दोन्ही कडांना जमिनीत काँक्रीटच्या भिंती घालतात, त्यांमधील माती काढून पेटीसारखे भुयार बांधतात आणि त्यावर भराव घालून रस्ता पूर्ववत करतात. केवळ बेलगाछिया व श्यामबाजार यांदरम्यान रेल्वेचे आवार व कालवा यांखालून जाणाऱ्या सु. १ किमी. भागात संपीडित हवेचा दाब ठेवून, पोलादी ढालीच्या आश्रयाने बोगदा खणण्यात आला. मार्ग रुंदमापी असून गाड्यांना ७५० व्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाह तिसऱ्या रुळावाटे पुरविला जातो. सुरुवातीचे डबे पेरांबूर येथील कारखान्यात तयार झाले.

उघड्या खोदाईची पद्धत मऊ जमिनीस अनुकूल व त्या काळी देशात उपलब्ध असलेल्या साधनांनी करता येण्याजोगी होती. तिची किंमत मात्र रस्त्यावरील माणसाला मोजावी लागली. ज्या रस्त्यांची कोंडी सोडवायची होती, तेच वर्षानुवर्षे खणलेले राहिले. पाण्याच्या व मैल्याच्या जुन्या नळवाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा हलवाव्या लागल्या. १९७७–७८ पर्यंत निधी अपुरा मिळत होता. सिमेंट-पोलादाचा पुरवठा अनियमित होता आणि न्यायालयांच्या मनाई हुकुमांमुळे काम अडे. भुयारी रेल्वेच्या बांधकामासाठी आवश्यक असलेले अधिकार व भरपाईची व्यवस्था स्पष्ट करणारा मेट्रो रेल्वे (बांधकाम) अधिनियम संसदेने १९७८ मध्ये संमत केला. म्हणजे कायदा आला तेव्हा काम सुरू होऊन चार-पाच वर्षे लोटली होती. सु. १४० कोटी रुपयांचा मूळ अंदाज पुढे दहापटींहून अधिक वाढला.

टप्प्यांचा क्रम : २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड–भवानीपूर हा ३·४० किमी.चा, पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला व भारतात भुयारी रेल्वेचे युग अवतरले. या टप्प्याच्या बऱ्याच भागात एका बाजूस मैदानाची मोकळी जागा असल्याने तेथील बांधकाम तुलनेने सुकर होते. १२ नोव्हेंबर १९८४ रोजी उत्तर टोकाचा दमदम–बेलगाछिया हा २·१५ किमी.चा टप्पा सुरू झाला. २९ एप्रिल १९८६ रोजी दक्षिणेकडील गाडी टॉलीगंजपर्यंत जाऊ लागली.

यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ मार्गात नवी भर पडली नाही. दक्षिणेचा टप्पा लोकांच्या अंगवळणी पडला; उत्तरेचा तुटक तुकडा मात्र उपयोगाचा ठरला नाही. बेलगाछियास उतरून पुढे बसच पकडावी लागणार असेल, तर दमदमचा प्रवासी भुयारात उतरेल कशाला? प्रवाशांअभावी २६ ऑक्टोबर १९९२ पासून हा टप्पा बंद ठेवण्यात आला. १३ ऑगस्ट १९९४ रोजी बेलगाछिया–श्यामबाजार भाग तयार झाल्यावर त्यासह तो पुन्हा सुरू झाला. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दक्षिणेकडील गाडी चांदनी चौकापर्यंत आणि १९ फेब्रुवारी १९९५ रोजी सेंट्रलपर्यंत आली. त्याच दिवशी उत्तरेकडील गाडी गिरीश पार्कपर्यंत पोहोचली. मध्ये उरले केवळ १·८० किमी. अंतर. जुन्या बाजारपेठेच्या दाट वस्तीतील महात्मा गांधी रस्ता हे स्थानक याच भागात येते. २७ सप्टेंबर १९९५ रोजी हा दुवा जोडला गेला आणि कोनशिला बसल्यापासून जवळजवळ तेवीस वर्षांनी दमदमचा प्रवासी गाडी न बदलता टॉलीगंजला पोहोचला.

उत्तरकाल : २००९ मध्ये हा मार्ग टॉलीगंजच्या दक्षिणेस वाढविण्यात आला व २०१० मध्ये तो न्यू गरियापर्यंत पोहोचला. उत्तरेस २०१३ मध्ये नोआपारापर्यंत आणि २०२१ मध्ये दक्षिणेश्वरपर्यंत त्याचा विस्तार झाला. नव्या दक्षिण भागात मार्ग मुख्यतः उन्नत आहे. २०१० च्या अखेरीस कोलकाता मेट्रोस भारतीय रेल्वेच्या स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

पूर्व-पश्चिम मार्गाचे बांधकाम २००९ मध्ये सुरू झाले. मूळ आखणीत तो सेंट्रल येथे उत्तर-दक्षिण मार्गास छेदणार होता; पुढे आखणी बदलून हा छेद एस्प्लनेड येथे ठरविण्यात आला. पूर्वेकडील पहिला टप्पा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बहूबाजार भागात बोगदा खणताना भूजलाचा लोंढा आत शिरला, जमीन खचली आणि अनेक जुन्या घरांची पडझड झाली. रहिवाशांना घरे सोडावी लागली. यंत्राने खोलवर खणलेला बोगदा रस्ता मोकळा ठेवतो, परंतु त्या त्रिभुज प्रदेशाची माती सर्व धोके दूर होऊ देत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये हुगळीखालून हावडा मैदान–एस्प्लनेड वाहतूक सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सियालदा–एस्प्लनेड दुवा पूर्ण झाल्याने हावडा व सियालदा ही दोन्ही स्थानके भुयारी मार्गाने जोडली गेली. १९२१ च्या योजनेचा मूळ हेतू अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी सफल झाला.

मूल्यमापन : दमदम–टॉलीगंज मार्गाची दिशा योग्य होती, हे १९९५ नंतर त्यास लाभलेल्या प्रवाशांनी सिद्ध केले. दोष राहिला तो काळाच्या नियोजनात. जलद परिवहन मार्गाचा उपयोग त्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. तो त्याच्या सलगतेवर अवलंबून असतो. दमदम–बेलगाछिया टप्प्याचे भूमितीच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते, तरी मधला दुवा नसल्याने तो ओस पडला. निधी, कायदेशीर अधिकार, नळवाहिन्यांचे स्थलांतर व टप्प्यांचा क्रम या गोष्टी आराखड्याचाच भाग मानल्या पाहिजेत, ही जाणीव या अनुभवातून दृढ झाली. १९९५ मध्ये दिल्लीत भुयारी रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले व २००२ मध्ये तेथील पहिला टप्पा सुरू झाला. कोलकात्यात भारतीय अभियंत्यांनी मऊ मातीत, मर्यादित साधनांनिशी हा मार्ग बांधून दाखविला नसता, तर पुढील शहरांच्या योजनांना आत्मविश्वास मिळाला नसता. त्या आत्मविश्वासाची किंमत दोन दशके खणलेल्या रस्त्यांच्या कडेने चालणाऱ्या कोलकात्याच्या नागरिकांनी मोजली.