चार सुताचा गज

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला आणि मराठवाड्यात बोअर पाडणाऱ्या गाड्या हिंडू लागल्या. आमच्या धारूरकडं बालाघाटचा काळा दगड. त्यात भोक पडायचं, नशीब असलं तर पाणीही लागायचं. पण वर बसवलेला ओतीव बिडाचा हापसा टिकायचा नाही. तो मुळात एका कुटुंबाच्या परसासाठीचा, अन् इथं अख्खं गाव दिवसभर दांडा हाणायचं.

यावर उपाय निघाला तो आपल्याच मुलखात. आधी जालन्याच्या आणि मग सोलापूरच्या मिशनच्या कामातून पोलादी हापसे तयार झाले. सोलापूरच्या हापशावरून युनिसेफ, सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो देशभर गेला.

लोकांना दिसतो तो दांडा. खरा हापसा जमिनीखाली असतो. ३ मीटरचा एकेक पाईप, आत १२ एमएमचा गज. सिलेंडर ३० मीटरवर सोडायचा तर दहा पाईप अन् दहा गज. नुसत्या पाईपांचंच वजन नव्वद किलोच्या वर, पाणी वेगळंच. हा सगळा भार वरच्या सांध्याच्या आट्यांवर. आटे झिजले की तेवढा तुकडा कापायचा आणि डाय फिरवून नवे पाडायचे.

घोळ इथंच होतो. आमच्याकडं लोखंड सुतात मोजतात. आठ सुतांचा इंच, म्हणून अर्धा इंच म्हणजे चार सूत. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण दुकानात आजही १२ एमएमच्या गजाला चार सुतीच म्हणतात. अर्धा इंच भरतो १२.७ एमएम. त्याच्या जुन्या इंग्रजी डायनं इंचात १२ आटे पडतात, म्हणजे दोन आट्यांत २.१ एमएमचं अंतर. हापशाच्या गजाला पाहिजे १.७५. डोळ्याला फरक कळत नाही, कपलिंगला कळतो.

एका उन्हाळ्यात जवळच्या वस्तीवर कारागिरानं ‘चार सुती’ म्हणून अर्ध्या इंचाची डाय फिरवली. कपलिंग दीड-दोन फेरे गेलं अन् अडलं. त्यानं पान्यानं दाबून बसवलं. आठवड्यात दांडा एकदम हलका झाला. गज सुटून खाली गेले होते. सगळे पाईप वर काढावे लागले. तोवर बायकांनी घागरी घेऊन दीड कोसाची वाट तुडवली.

पाईपाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याला म्हणायचं सव्वा इंची, म्हणजे ३२ एमएम. पण ते आतल्या पोकळीचं माप. बाहेरून तो ४२ एमएमच्या आसपास भरतो. त्याचे आटे इंचात ११, कोन ५५ अंशांचा. हा कोन व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४१ साली ठरवून दिला. गजाचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. एकाच बोअरमध्ये बाहेरचा पाईप इंग्रजी अन् आतला गज मीटरचा!

म्हणून डाय मागताना सूत सांगू नये. डायवर कोरलेलं वाचावं : गजासाठी ‘एम १२ × १.७५’, पाईपासाठी सव्वा इंच, ११ आटे. खात्रीसाठी चांगलं कपलिंग सोबत न्यावं. गजाचं टोक कानशीनं उतरतं करावं, डाय सरळ धरावी, तेल सोडावं, अर्धा फेरा पुढं अन् पाव फेरा मागं घेत जावं, म्हणजे कीस मोडून पडतो. शेवटी कपलिंग नुसत्या हातानं पूर्ण बसलं पाहिजे. पाना लागला तर डाय चुकली समजावी.

बिडाच्या हापशांच्या काळात एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच असा भरवसा नव्हता. मार्क टूचं माप देशभर एक ठरलं, म्हणून मद्रासच्या कपलिंगमध्ये धारूरला कापलेला गज बसतो. मात्र इथल्यानं डाय नीट निवडली तरच.