गिरणीच्या दारातला उमेदवार

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला कोणी आजा-पणजा मुंबईला गिरणीत गेलेला असेल. रत्नागिरीहून बोटीने किंवा साताऱ्याहून घाट उतरून गेलेल्या त्या माणसाला काम कसे मिळे, ते आज पाहू.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईची पहिली सूतगिरणी स्थापली; १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, हजारो हात लागू लागले. पण माणूस निवडण्याची तसदी मालकाने घेतली नाही. ते काम त्याने जॉबरवर, म्हणजे खात्यातल्या मुकादमावर सोपवले. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे.

सकाळी भोंगा झाला की गिरणीच्या दारात बदलीवाले उभे राहत. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी एकाला आत घ्यायचे. कोणाला, ते जॉबर ठरवी. बाकीच्यांनी उद्या पुन्हा यायचे. का घेतले नाही, हे विचारण्याची सोय नव्हती. काम हवे तर दस्तुरी द्या; गावी जाऊन परत आलात तर पुन्हा द्या! जॉबर गाववाल्याला खोली पाहून देई, अडीनडीला पैसेही देई, हे खरे. पण त्या उपकाराखाली माणूस कायमचा दबून जाई.

काहींना तर पैसे देऊनही दार उघडत नसे. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार चांगला. पण तेथे अस्पृश्य मानलेल्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला.

१९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला. नोकरभरती जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमा, असे त्याने १९३१ च्या अहवालात सांगितले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना दर महिन्याला कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्याला बदलीचे काम आधी मिळायचे. १९५० मध्ये सरकारी नोंदणीची योजना आली. जॉबरचे वजन एका दिवसात गेले नाही, पण नाव कागदावर आले आणि दारातल्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळाली.

त्या गिरण्या आता बहुतेक बंद झाल्या. दारात उभा राहणारा उमेदवार मात्र आहेच. शिक्षकबंधूंनो, उद्या तुम्ही शाळेत शिपाई निवडायला बसाल, किंवा गावातल्या सोसायटीत कारकून घ्यायचा असेल, तेव्हा एवढे करा: निवडीचा नियम आधी सांगा आणि नकार असेल तर तोही वेळेवर कळवा. "उद्या या" म्हणणाऱ्याला एक शब्द पुरतो. ऐकणाऱ्याचा मात्र एक दिवसाचा रोजगार बुडतो.