शहाजोग

‘शहाजोग’ हा शब्द आज आपण बहुधा टोचून बोलण्यासाठी वापरतो. आतून लबाड आणि वरून साळसूद, तो शहाजोग. परंतु या शब्दाचे कूळ मोठे प्रतिष्ठित आहे. तो पेढीवरचा शब्द. ‘शहा’ म्हणजे बाजारात पत असलेला सावकार, आणि ‘शहाजोग हुंडी’ म्हणजे जिचे पैसे अशा पतवंतालाच द्यायचे ती हुंडी. दूरच्या व्यवहाराच्या सुरक्षिततेचा निम्मा इतिहास या एका शब्दात दडलेला आहे, असे मला वाटते.

प्रश्न जुनाच आहे. गाव दूर, माणूस अनोळखी, वाटेत चोर. मग पैसे सुखरूप पोहोचवायचे कसे? रोकड बांधून निघणे म्हणजे दरोडेखोरांना अक्षता देणे. म्हणून पेशवाईत पुण्याच्या सावकारीत मोठमोठ्या रकमा हुंडीच्या कागदावरून फिरत.

हुंडीचा मजकूर पाहिला की मला त्या मुनिमांच्या सावधपणाचे कौतुक वाटते. रक्कम एकदा लिहून ते थांबत नसत. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरी, अशी ती फिरवून फिरवून लिहीत. मग एखादे शून्य वाढवून कोणाचे भागणार? हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून मिळे, पेठही हरवली तर ‘परपेठ’. आणि शहाजोग हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे उचलणाऱ्या शहाला ते परत करावे लागत. थोडक्यात, कुलूप कागदाला होते आणि जबाबदारी माणसाच्या गळ्यात होती.

पुढे संगणकाच्या जाळ्यावर दुकाने मांडायची वेळ आली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मजकूर गुप्त लिपीत पाठवता येई. पण ती उलगडण्याची किल्ली अनोळखी गिऱ्हाइकाला पोहोचवायची कशी? 1976 साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी वाट दाखवली: किल्ल्या दोन असाव्यात, कुलूप लावायची जगजाहीर आणि उघडायची गुप्त. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती कल्पना गणितात बसवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण; सारे इंगित एवढेच. त्याच वर्षी 129 अंकी संख्या फोडण्याचे आव्हान 100 डॉलरांच्या बक्षिसासह जाहीर झाले. ती 1994 च्या एप्रिलात फुटली, त्यासाठी सुमारे 600 स्वयंसेवकांचे संगणक राबले. कुलूप वेळोवेळी मोठे करावे लागते, हा त्यातला धडा.

त्याच वर्षी 11 ऑगस्टला अमेरिकेत स्टिंग या गायकाची एक ध्वनितबकडी 12 डॉलर 48 सेंटना जाळ्यावरून विकली गेली. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक गुप्त लिपीत गेला. नव्या बाजारातली ही भवानी! पुढच्याच वर्षी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले, की नेटस्केपची गुप्त किल्ली मुख्यतः संगणकाच्या घड्याळावरून बेतली जात असल्याने ती ओळखता येते. कुलूप भक्कम, पण किल्ली उंबऱ्याखाली!

आपल्याकडेही कुलपे वाढत गेली. जाळ्यावरून कार्डाने पैसे देताना दुसरी खूण पटवण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून केली. 2016 साली यूपीआय आले. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने कार्डाचा क्रमांक जवळ न ठेवता त्याच्या जागी नुसते टोकन ठेवावे, असा दंडक झाला.

मग चोर काय करतो? तो कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो दूरध्वनी करतो. कधी बँकेचा अधिकारी होतो, कधी पोलीस होऊन ‘डिजिटल अटके’ची भीती घालतो, आणि अशी अटक तर आपल्या कायद्यात कोठेच नाही! घाबरलेला माणूस आपल्याच हाताने ओटीपी सांगतो. इथे मला जुन्या पेढीची उणीव भासते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घातलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितले तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. नियम तर्काला धरून आहे, परंतु पैसे उचलणाऱ्याला जामीन राहणारा शहा त्यात नाही.

ती जागा आता घरानेच भरून काढावी. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. कोणी घाई करू लागला तर मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला विचारल्यावाचून पैसे हलवू नयेत. आणि फसलेल्या वडीलधाऱ्यांना हसू नये; कारण लाजेपायी गेलेला एक दिवस चोराला पुरतो. त्यांनी लगेच बँकेला कळवावे आणि 1930 हा क्रमांक फिरवावा, एवढा धीर त्यांना द्यावा. लक्ष्मीपूजनाला आपण तिजोरीला हळदकुंकू वाहतो. यंदा फराळाच्या ताटावर हेही बोलणे होऊ द्या. कुटुंबात असा एक तरी खराखुरा शहाजोग माणूस असावा, की ज्याला विचारायला कोणाला संकोच वाटणार नाही.