गाईला मांस चारणारा देश

गाय गवत खाते, हे लहान मूलही सांगेल. तरीही विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये गाईला गाईचेच अवशेष चारले जात होते, तेही कायदेशीरपणे. कत्तलखान्यात उरलेली हाडे, मेंदू, आतडी उकळून व वाळवून त्यांची पूड केली जाई आणि प्रथिनांसाठी ती पशुखाद्यात मिसळली जाई.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे गाईंचा एक नवा मेंदूरोग ओळखला गेला. जनावर बिथरे, लडखडे, शेवटी उठेनासे होई. मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडत. लोकांनी त्याला 'मॅड काऊ' म्हटले. पशुवैद्यक जॉन वाइल्समिथ यांनी आजारी गाईंच्या खाद्याचा माग काढला आणि बोट त्या पुडीकडे गेले. जुलै १९८८ मध्ये सरकारने रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी पूड चारण्यावर बंदी घातली.

नियम योग्य होता, पण अर्धवट होता. हीच पूड डुकरांना आणि कोंबड्यांना चारायला मोकळीक राहिली. गिरण्या त्याच, यंत्रे तीच. एका खाद्याचे उरलेसुरले दुसऱ्यात जाई. एवढ्याशाने काय होणार, असा अधिकाऱ्यांचा समज होता. नंतरच्या प्रयोगांत दिसले की बाधित मेंदूचा एक ग्रॅमही गाईला पुरेसा ठरतो. हा रोग दिसायला सरासरी चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे चूक लगेच उमगलीही नाही. १९९२ या एकाच वर्षात ३७ हजारांहून अधिक गाई बाधित आढळल्या. बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गाईही पुढे आजारी पडल्या.

दरम्यान जनतेला धीर दिला जात होता. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बीफबर्गर देऊ केला. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावे लागले की, माणसांतील एका नव्या मेंदूरोगाचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. त्या रोगाने पुढे ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी ही पूड सर्व पाळीव पशूंच्या खाद्यातून हद्दपार झाली, आणि पुढे रोग जवळजवळ नाहीसा झाला.

पहिली बंदी आणि पुरी बंदी यांत आठ वर्षे गेली. कायदा १९८८ मध्येच छापला गेला होता. गिरणीच्या यंत्रात काय उरते, हे मात्र वेळेत कुणी पाहिले नाही. दूध आणि मांस विकत घेणाऱ्याला ती गिरणी कधीच दिसत नाही. म्हणूनच तिच्यावर नजर ठेवणाऱ्याची जबाबदारी कायदा छापून संपत नाही.